मुदत संपलेली फिल्म

“उमटलं का वो, मास्तर?” दाराबाहेरून राहीबाईंनी पुन्हा विचारले.

भर दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकून, लाल काचेच्या कंदिलाखाली नाथाजी मास्तर फिल्म परातीतल्या रसायनातून खालीवर ओढत होते. एरवी हायस्कुलात फळा पुसणारे दंड आता भरून आले होते. राहीबाईंचा मुलगा गुंडा इटलीच्या लढाईत पडला. त्यांच्या गावी, मलकापुरात, परत आले ते त्याचा पट्टा, चाकू आणि ही फिल्मची गुंडाळी. पलटणीतला ज्ञानू सांगून गेला होता, “मावशे, म्या सोता काढलाय त्याचा फोटू. ह्यातच हाय.” गुंड्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

वेष्टनावरची मुदत त्रेचाळीसच्या मार्चपर्यंतची; आता सेहेचाळीस सरत आले होते. चेहरा धूसर येईल, असे मास्तरांनी आधीच बजावले होते. पण हे धूसर नव्हते. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशासारखी काळी पडली होती. जुनेपणाने फिल्म करडी होते. इतकी काळी ती केवळ उजेडाने होते. मधोमध मात्र बोटाच्या पेराएवढा एक ठिपका तेवढा स्वच्छ राहिला होता.

“मावशी, ही गुंडाळी कधी उलगडली होती का?”

“व्हय की. खंडेनवमीला. पट्टा पुजला, चाकू पुजला, मग हिनंच काय घोडं मारलंय? अंगनात पाटावर मांडली, कुकू लावलं. परत जशीच्या तशी गुंडाळली बगा.”

कुंकवाखाली उजेड पोचला नव्हता. तेवढ्या जागेतले चित्र वाचले होते: सदऱ्याचे एक बटण आणि त्यावर टेकलेली दोन बोटे.

चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढून, धुऊन, वाळवून मास्तरांनी फिल्म ओसरीच्या दारात धरली. “यात काळं दिसतं ते उजळ समजायचं.”

राहीबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. “त्याचीच हाईत.”

“एवढ्यावरून कुणाची ते सांगता येत नाही, मावशी.”

“तुमाला न्हाई येत.” मग त्यांनी विचारले, “बाकीचं कशानं गेलं?”

कारण ठाऊक असेल तर तेच लिहावे, असे मास्तर वर्गात सांगत आले होते.

“फिल्मची मुदत संपली होती.”

“माज्याकडनं काय झालं न्हाई न्हवं?”

“नाही.”

दोन उत्तरांपैकी पहिले शब्दापुरते खरे होते.

“मग खिडकीला घोंगडी कशापायी ठोकली?”

“रसायनाला ऊन सोसत नाही.”

राहीबाईंनी मान हलवली. फिल्म घेतली. पायरीवर ऊन आले होते. तिथे थांबून त्यांनी पदराची घडी दुहेरी केली, तिच्यात फिल्म झाकली आणि वरून तळहात दाबून धरला.

हायपोतून निघालेल्या फिल्मचे उन्हाने काही बिघडत नाही; बिघडते ते त्याआधी. मास्तर तसे सांगायला उठले आणि दाराशीच उभे राहिले. राहीबाई मलकापूरच्या वाटेने, जमेल तिथे भिंतीच्या सावलीतून चालल्या होत्या.