नदीकाठ पक्षाचं अधिवेशन

नदीकाठ पक्ष म्हणजे जपानमधल्या एदोगावा वॉर्डातली त्रेचाळीस माणसं आणि एक लाउडस्पीकर. तरी अध्यक्ष निवडायचा तर रीतसर अधिवेशन हवंच. जो अध्यक्ष होईल तोच पुढे वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहणार, हे ठरलेलं. ती निवडणूक लढवता यावी म्हणून मी जपानी नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट जमा केला त्या दिवशी माझा नवरा, अंबरीष, नुसता भात चिवडत बसला.

तीन आठवड्यांपूर्वी पक्षाचे चिटणीस मोरिता-सान सायकलवरून आमच्या निशी-कसाई भागातल्या घरी आले. सत्तरीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. चहा घेताना त्यांनी विचारलं, कादंबरी-सान, अध्यक्षपदाची जबाबदारी घ्याल का? मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं होतं. पण आमच्यात पहिल्या आग्रहाला कुणी पोळीसुद्धा वाढून घेत नाही, पद कुठलं घेणार? मी म्हटलं, "मी कसली? माझ्याहून जाणती माणसं आहेत पक्षात." त्यांनी मान डोलावली, चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि गेले. आता अधिवेशनात सगळ्यांदेखत पुन्हा विचारतील, असं मी धरून चालले. बारा वर्षं इथे काढून हे माझं शहाणपण.

रविवारी सकाळी सभागृहात प्रत्येक खुर्चीवर एक छापील कागद होता. उमेदवार एकच, ओनो-सान. हे प्रत्येक सभेत पेंगतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कादंबरी-सान यांनी विनयाने नकार कळवला आहे.

इथे सगळं आधी घरोघरी चहावर ठरतं, सभेत फक्त शिक्का बसतो. ऑफिसात मी हेच रोज बघते. पक्षातही तेच असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

कुणाची हरकत आहे का, असं व्यासपीठावरून विचारलं गेलं. हात वर करता आला असता. राग येईल, निदान रडू तरी फुटेल म्हणून मी थांबले. काहीच आलं नाही. सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, हरकत नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नंतर आम्ही खुर्च्या मिटून भिंतीशी लावत होतो, तेव्हा मोरिता-सान जवळ आले. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तुमचा अनादर झाला असता, म्हणून गप्प राहिलो, असं म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे.

ते थोडे घुटमळले.

"तुमचं घर शेवटचं होतं. त्याआधी मी सगळ्यांकडे जाऊन आलो होतो. सगळे तुमच्याच नावाला हो म्हणाले होते. ओनो-सानसुद्धा."

मी त्यांचे आभार मानले आणि पुढची खुर्ची मिटायला घेतली.