जनीची भवानी

"मावशी, ही ठेव तुमचीच आहे ना?" टेबलापलीकडच्या मॅडमनी विचारलं.

"न्हाय वो, माजी कुठची?" जनी म्हणाली. "माजा यात मूठभर. बाकी समदा या बायांचा."

तिने मागे हात केला. मागे थळच्या मासळीबाजारातल्या बाया दाटीवाटीने उभ्या होत्या. ऐन विक्रीच्या वेळी पाट्या झाकून, मिनिडोर रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून त्या अलिबागला आल्या होत्या. कोळणी विक्री सोडून कुठे गेल्या की समजावं, घरात मयत आहे नाहीतर लग्न. आज दोन्ही नव्हतं. दर्यासारंग नागरी सहकारी बँक बुडाली होती.

बुडाली म्हणजे एका दिवसात नव्हे. रिझर्व्ह बँकेची माणसं तपासणीला आली, तेव्हा संचालकांनी मेहुण्या-जावयांना वाटलेली कर्जं उघडी पडली. आधी पैसे काढायला बंदी आली. मग प्रशासक आला. आणि शेवटी बँकेचा परवानाच रद्द झाला. ज्यांनी खाल्लं त्यांना जामीन मिळाला, आणि ज्यांनी ठेवलं त्यांना ही रांग. ठेवीदारांचे विम्याचे दावे बघायला मुंबईहून रचना मॅडमना पाठवलं होतं. बाई वयाने लहान होती, पण बोलायला नीट होती. जनीचं उत्तर ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"मावशी, असं बोलू नका. आधी माझं ऐका. बँक बुडाली की प्रत्येक ठेवीदाराला विम्यातून पाच लाखांपर्यंत पैसे मिळतात. तुमच्या नावावर बावीस लाख आहेत. तुम्हाला मिळणार पाच."

"आनि बाकीचा?" जनीने विचारलं.

"बँकेची मालमत्ता विकून काही उरलं तर. पण उरेल असं मला वाटत नाही. खोटी आशा लावत नाही मी."

मागून कमळ पुढे सरकली. कमळ म्हणजे जनीच्या शेजारी बसणारी, तिच्याच वाडीतली. "पन म्याडम, आमी एवऱ्या जनी हाव! प्रत्येकीला पाच-पाच आमाला नकोच. आमचा हाय तेवराच द्या."

"पैसे वेगवेगळ्या नावांवर असते ना, तर तुमचा एकूण एक रुपया परत मिळाला असता," मॅडम म्हणाल्या. "पण नाव एकच आहे."

एकीने पदराने मान पुसली.

आता हे पैसे जनीच्या एकटीच्या नावावर का, हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही. थळच्या बाजारात दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, जनीच्या हाताची घ्यायची रीत होती. सकाळी पाट्या मांडल्या की जनी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. प्रत्येकीच्या पाटीतून एक मासा उचलायची आणि हातावर एक नाणं ठेवायची. ते नाणं पाटीला लावून, कपाळाला लावून मगच धंदा सुरू व्हायचा. जनीचा हात लागला की दुपारच्या आत पाटी रिकामी, असं सगळ्या मानत. खरंखोटं दर्यालाच ठाऊक. पण जनी आजारी पडली की बायका तिच्या दारात जाऊन भवानी घेऊन यायच्या. विधवा बाई, पोर ना बाळ. तिला जगात मान होता तो एवढाच, आणि तो तिला पुरत होता.

पुढे बँकेचा धनेश रोजच्या बचतीची पिग्मी गोळा करायला बाजारात यायला लागला. तो बिचारा घसा कोरडा करून सांगायचा, प्रत्येकीने आपलं वेगळं खातं काढा. बाया त्यालाच हसायच्या. "आमच्या नावावर पैसा टिकत न्हाय रे. जनीच्या नावावर टाक, तिच्या हाताला बरकत हाय." बँकेवर त्यांचा विश्वास असा नव्हताच. म्हणून तर त्यांनी जनीचं नाव लावलं होतं. कोणाचं किती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. जनीच्या तोंडी होतं, आणि त्यात कधी एका रुपयाची चूक निघाली नव्हती.

"आता दाव्याचं," मॅडमनी आवाज खाली आणला. "ही रक्कम माझी स्वतःची आहे, असं तुम्हाला सांगावं लागेल. दुसऱ्यांची आहे म्हणालात तर चौकशी लागेल. ते पुरावा मागतील. तुमच्याकडे काही कागद आहे?"

"कागद कशाला?" कमळ म्हणाली. "जनी खोटा बोलत न्हाय. थळात कोनालाबी इचारा."

मॅडमनी दाव्याचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मला पटतं हो. पण माझ्या पटण्याने पैसे मिळत नाहीत. चौकशीत हे पाच लाखसुद्धा अडकतील."

जनीने मागे वळून बघितलं. एकीनेही मान हलवली नाही, होय म्हणून नाही की नको म्हणून नाही. कमळ भिंतीकडे बघत होती. तिच्या मुलीला, प्राप्तीला, नर्सिंगला घालायचं होतं, आणि ते सगळं त्या बावीस लाखांत होतं.

"मग बोला, मावशी. ही ठेव कोणाची?"

"माजी हाय," जनी म्हणाली.

"सगळी?"

"समदी माजी हाय." तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की मॅडमना पुढे वाकावं लागलं. आयुष्यात खोटं बोलायची वेळ आली ती अशी, ज्यांचं होतं त्यांच्याच तोंडावर.

पाच लाख आले. जनीने ओटीवर सगळ्यांना बसवून जिच्या तिच्या हिशेबाने वाटून टाकले आणि स्वतःला काही ठेवलं नाही. रुपयातले चार आणेसुद्धा कोणाच्या हाती लागले नाहीत. प्राप्ती नर्सिंगला गेली नाही, अलिबागला कापडाच्या दुकानात उभी राहायला लागली. जनीला कोणी वेडंवाकडं बोललं नाही. एखादीने झिंज्या धरून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटायचं. पण बाया चांगल्या होत्या, तेच वाईट झालं.

पैसे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे कनवटीला नाणी लावून बाजारात आली. पहिल्याच पाटीपाशी वाकली तर ती बाई म्हणाली, "आज गिऱ्हाईक लवकर आला गो, भवानी झाली." दुसरीचंही तेच. कमळने तर पाटीवरचं फडकं काढलंच नाही. "माजा झाला," एवढंच म्हणाली आणि खाली बघून सुरीला धार लावत बसली. तिच्या फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. जनीला ते दिसलं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं ती तसं का बोलली ते. तरीही "समदी माजी हाय" हे कानांनी ऐकलेलं होतं, आणि बुडाल्या हाताची भवानी कोण घेणार?

त्यानंतर जनी बाजारात शेवटी यायला लागली. आत शिरायच्या आधी नळापाशी पाटी टेकवून थांबायची. सकाळच्या प्रहरी आपलं तोंड कोणाच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या आड येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. सगळ्यांची भवानी झालेली दिसली की ती खाली मान घालून टोकाला जाऊन बसायची.

एक दिवस कमळला गिऱ्हाईकच लागेना. उन्हं डोक्यावर चढली. बाकीच्यांच्या पाट्या निम्म्या झाल्या, आणि कमळ आपली माश्या वारत बसलेली. जनी नळापाशी उभी होती. तिच्या पाटीत बोंबील होते, आणि बोंबील काही कोणासाठी थांबत नाहीत. नळावर आलेली एक म्हातारी म्हणाली, "जनी, जा की गो आत. माल नासंल."

"कमळची भवानी होऊ दे," जनी म्हणाली.

कमळने मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. एक हाक मारायचं काम होतं. कमळचे ओठ हललेही, पण तिने पुन्हा माश्या वारायला घेतल्या.

बऱ्याच वेळाने मुंबईची एक गाडी थांबली. त्यातल्या माणसाने घासाघीस करून कमळकडून दोन पापलेटं घेतली. कमळने नोट पाटीला लावली, कपाळाला लावली.

मग जनीने पाटी उचलली. बोंबलांना पाणी सुटलं होतं आणि ते तिच्या कपाळावरून ओघळत होतं. ते न पुसता ती बाजाराच्या टोकाला जाऊन बसली.