शून्य नाकारलेली वही

कुंभकोणममधल्या मुलांच्या एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागातली मी नोंदवही. तपासणी समिती येणार म्हणून मला घाईघाईनं आणलं. रकाने आखले: मुलाचं नाव, ताप कधी आला, रक्तात कोणता जंतू सापडला, त्याला कोणतं औषध लागू पडतं. वर नाव घातलं, 'दवाखान्यात लागलेले संसर्ग'. मुख्य डॉक्टर पद्मनाभांनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "नाव जरा अशुभ वाटतं," म्हणाले.

त्यांना शून्य फार प्रिय. दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर 'संसर्ग: शून्य' झळकायचं, टाळ्या पडायच्या, चकलीसारख्या मुरुक्कूची बशी फिरायची. युक्ती साधी होती. रक्त तपासायलाच पाठवायचं नाही. शोधलंच नाही तर सापडेल कसं?

पण मला सांभाळायच्या त्या वत्सलाबाई, विभागाच्या मुख्य परिचारिका. घरी जुन्या वळणाची तंजावरी मराठी, दवाखान्यात तमिळ. मुलाला नव्यानं ताप आला की त्या नमुना पाठवायच्याच.

एका पंधरवड्यात माझ्यात तीन नावं चढली. तिसरा बाला, तिरुनागेश्वरमचा, चार वर्षांचा. मेंदूज्वरातून सावरून उठून बसायला लागला होता. अचानक हुडहुडी भरली, ताप चढला आणि दोन दिवसांत पोर गेलं.

"मेंदूज्वरानं गेला, असं लिहा," पद्मनाभ म्हणाले.

"सार, रक्तात क्लेब्सिएला सापडलाय. आधीच्या दोघांतही तोच."

"योगायोग."

"योगायोगाचा रकाना नाही, सार."

वत्सलाबाईंनी जंतूचं नाव इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर वळ उठले.

पाळी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत. मला मांडीवर घेऊन बसल्या. तिन्ही खाटा लांब लांब, औषधं वेगळी, परिचारिका वेगळ्या. मग सारखं काय? शिरेतली नळी धुवायचं सलाईन! सकाळी एक मोठी बाटली उघडायची आणि दिवसभर सगळ्या मुलांना तीच वापरायची. तसा नियमच होता, पद्मनाभांच्या सहीचा, चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला. वत्सलाबाईंनी कुणाला न विचारता बाटली उचलली आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली.

त्याच संध्याकाळी दीड वर्षाच्या कीर्तीला ताप भरला. तिची आई नागलक्ष्मी पापनाशम्‌ची, घरची बोली तीच तंजावरी मराठी.

"अक्का, मज खरें सांगा. काय झालें लेकरास?"

"रक्तांत जंतू शिरला असावा."

"कोणी आणिला?"

"आम्हींच," वत्सलाबाई म्हणाल्या.

नागलक्ष्मी ओरडली नाही. तिनं फक्त मुलीचा पाय घट्ट धरला. माझ्या पानांवर त्या जंतूला कोणतं औषध लागू पडतं ते लिहिलेलं होतं, म्हणून अहवालाची वाट न पाहता तेच सुरू झालं. कीर्ती वाचली. दोन दिवसांनी बाटलीचा निकाल आला. तोच जंतू.

समिती आली तेव्हा पद्मनाभांनी दुसरीच एक नवी करकरीत वही पुढे केली. पानोपानी शून्यं. समितीच्या प्रमुख श्रीदेवी मॅडमनी चष्मा सरसावला.

"आठ खाटा, अकरा महिने आणि एकही संसर्ग नाही? एवढं सोवळं आमच्या गर्भगृहातही नसतं, डॉक्टर. नमुने किती पाठवले?"

वत्सलाबाईंनी मला टेबलावर ठेवलं. मॅडम वाचत गेल्या, बालाच्या नावापाशी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "वही म्हणतात ती ही."

"आमचीच पद्धत, मॅडम!" पद्मनाभ क्षणात म्हणाले.

ती मोठी बाटली बंद झाली. आता प्रत्येक मुलाला वेगळी छोटी कुपी मिळते. माझाही गौरव झाला. प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात, गळ्यात झेंडूची माळ, शेजारी पद्मनाभांचा हसरा फोटो. किल्ली त्यांच्याकडे. वत्सलाबाईंनी तीनदा मागितली. "हाताळून खराब होईल," असं उत्तर मिळालं. त्या आता सुट्या कागदांवर लिहितात, आणि सुटे कागद हरवतात.

लोकहो, माझी बहुतेक पानं कोरी आहेत. आत्ताच वत्सलाबाई रक्ताची कुपी घेऊन माझ्यासमोरून धावत गेल्या. कुणाला तरी ताप आलाय. कुणाला, ते मला कळलेलं नाही. कुणीतरी हे कपाट उघडा हो.