होडीला खांदा

तीन वर्षं परसात शिडाची छोटी होडी ठोकत बसलेल्या चष्मेवाल्याला बायकोनं शेवटचं बजावलं, "ह्या रविवारी ती पाण्यात उतरली नाही, तर मी तिच्यात माती भरून भोपळे लावणार!" बाई बोलली म्हणजे करणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. रोप तर तिनं आणूनही ठेवलं होतं.

होडी ट्रेलरवर तयार होती. पण तिला तळ्यापर्यंत ओढून न्यायला गाडी नव्हती. त्याची स्वतःची चिमुकली मोटार चढावर रिकामीच धापा टाकायची. मेहुण्याची जीप दणकट, पण जीपसोबत मेहुणा यायचा आणि मेहुण्यासोबत उपदेश. दूधवाल्याच्या व्हॅनचा ब्रेक लहरी. शेवटी मावसभावाची गाडी कसोटीला उतरली. इंजिन जबरदस्त, चाल संथ, मागचा हुक भक्कम. फक्त ती शववाहिका होती.

"लोक काय म्हणतील?" बायकोनं कपाळाला हात लावला.

"काही म्हणत नाहीत," मावसभाऊ म्हणाला. "माझी गाडी दिसली की सगळे गप्पच होतात."

बायको रोप मांडीवर घेऊनच गाडीत बसली.

आणि झालं तसंच. चौकातल्या पोलिसानं रस्ता मोकळा करून दिला. मागून येणाऱ्यांना पुढे जाणं बरं वाटेना. तळं येईपर्यंत मागे गाड्यांची ही लांबलचक रांग! माणसं उतरून, माना खाली घालून काठावर उभी राहिली. त्यांना खरं सांगायची चष्मेवाल्याला लाज वाटली. त्यानं गुपचूप होडी पाण्यात ढकलली.

ती डौलात निघाली, थबकली आणि बुडबुडे सोडत कमरेएवढ्या पाण्यात तळाला बसली. वर उरली नुसती डोलकाठी. चष्मेवाल्याला हुंदका आवरेना.

एका अनोळखी आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "फार जवळची होती का हो?"

डोळे पुसायला त्यानं रुमाल काढला, तर खिशातून होडीच्या तळाचं बूच टपकलं. गाडी निवडायच्या नादात ते लावायचंच राहिलं होतं!

बायकोनं बूच उचललं, नवऱ्याच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि रोप आजोबांच्या हातात कोंबलं. "हे तुम्हीच लावा," ती म्हणाली आणि गर्दीवर ओरडली, "बघत काय बसलात? खांदा द्या!"

आठ जणांनी चिखलात उतरून होडीला खांदा दिला.

"पुढच्या रविवारपर्यंत बूच माझ्याकडे राहील," तिनं नवऱ्याला सांगितलं.

हुक लावता लावता मावसभावाला मात्र गहिवरून आलं. "इतकी वर्षं ही गाडी चालवतोय," तो म्हणाला, "पण नेलेलं परत आणायची ही पहिलीच वेळ."