पोत्यातली जर्मन गाडी

“उद्या सकाळी सहाला निघते मी. बाळाची सीट मागं बसवून द्या, वारलूभाऊ,” दिव्यानी म्हणाली आणि तिनं गाडीच्या टपावर थाप मारली. “पुण्यापर्यंत एकटीच नेते. बाबा म्हणायचेच ना, बाकीच्या गाड्या थकतील, ही जर्मन थकणार नाही.”

ड्रायव्हर वारलू मडावी फडकं पिळत होता. पाणी संपलं तरी तो पिळतच राहिला.

दिव्यानीचे बाबा, डॉ. नाकाडे, जाऊन सोळा दिवस झाले होते. आरमोरीतल्या त्यांच्या दवाखान्याला कुलूप होतं. घरापुढं मात्र चौदा वर्षांची रुपेरी गाडी रोजच्यासारखी पुसून उभी होती. आधीची जपानी गाडी नऊ वर्षं मुकाट धावली होती. ती कधी थांबली नाही, म्हणून तिची कुणी गोष्टही सांगितली नाही. ही आली आणि डॉक्टर लग्नात, तेरवीत, अगदी पेशंटची नाडी हातात धरूनही सांगू लागले, “जर्मन माणूस गाडी बनवत नाही, जन्माची सोबत बनवतो. इतक्या वर्षांत एकदा तरी रस्त्यात थांबली का? विचारा वारलूला!”

लोक वारलूकडं पाहत. वारलू मान हलवी.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ती थांबली नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. पहिल्यांदा चंद्रपूरला, डॉक्टर एका लग्नात जेवत असताना, पाण्याचा पाइप फुटला. वारलूनं सायकलची ट्यूब कापून तो कसाबसा बांधला. डॉक्टर पान चघळत बाहेर आले. मागं त्यांच्या पत्नी इंदुताई होत्या. एवढी महागाची गाडी घेऊ नका म्हणून त्या महिनाभर भांडल्या होत्या.

“काय झालं रे? हात काळे?” डॉक्टरांनी विचारलं.

वारलूनं इंदुताईंकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. “चाकात हवा कमी होती, साहेब.”

डॉक्टरांचा चेहरा असा खुलला, की ते एवढंसं खोटं वारलूला गोड लागलं. पुढं त्याची सवयच झाली. डॉक्टर दवाखान्यात बसले, की हा गाडी घेऊन गॅरेज गाठी. नागपुरातून भाग मागवी. घरी सांगे, सर्व्हिसिंग होती. डॉक्टरांनी कधी बिलाचा कागद उलटून पाहिला नाही. काढलेला प्रत्येक भाग वारलू आपल्या घरी नेऊन एका पोत्यात टाकी. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. फेकवत नव्हता, एवढं खरं.

आणि एकदा मे महिन्यात, वडशाच्या रस्त्यावर, भर जंगलात, डॉक्टर मागं बसलेले असताना गाडी तापली. वारलूनं ती हळूच सागाच्या सावलीत घेतली आणि ओठांवर बोट ठेवलं. “साहेब, वाघ. हलू नका.” अर्धा तास दोघं श्वास रोखून बसले. तेवढ्यात गाडी निवली. घरी पोचेपर्यंत डॉक्टरांना झुडपात वाघाची शेपूट दिसली होती. दिव्यानी तेव्हा शाळेत होती. शेपटीची गोष्ट तिनं कितीदा ऐकली असेल!

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या शब्दावर धानगिरणीच्या बापूजींनी तशीच गाडी घेतली. ती दुसऱ्याच वर्षी दोनदा बंद पडली. डॉक्टर हसून म्हणाले, “बापूजी, गाडी नाही, ड्रायव्हर बिघडला. माझा वारलू बघा!” बापूजींनी त्याच संध्याकाळी आपल्या ड्रायव्हरला, बुधूला, काढून टाकलं. बुधू वारलूच्याच गावचा. दोघं एकाच जीपवर गाडी शिकले होते. आता तो एका गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसतो. वारलू त्या रस्त्यानं जात नाही.

“काय झालं, वारलूभाऊ? सीट बसते ना?” दिव्यानीनं विचारलं.

“बसते, बाई. मी घरून येतो जरा.”

तो सायकलवर गेला आणि पोतं कॅरिअरला बांधून चालत परत आला. गुडघे दुखत होते. ओट्यावर त्यानं पोतं उपडं केलं. खडखडाट ऐकून इंदुताई आतून आल्या.

“हे काय आणलंस, भंगार?”

“आपली गाडी हाये, बाई.”

त्यानं एकेक भाग फरशीवर मांडला. पाण्याचे दोन पंप. तडकलेले पाइप. चिरलेले रबरी बुश. काचा वर-खाली करणाऱ्या तीन मोटरी. कसले कसले सेन्सर. मांडता मांडता तो बोलत गेला, कुठं थांबली, केव्हा थांबली, घरी काय सांगितलं. वर न बघता.

“इंजिनाले बोल नाई लावाचा,” शेवटी तो म्हणाला. “लोखंड अजूनबी नवं हाये. पण आपल्या उन्हात त्याचं पिलास्टिक अन् रबर टिकत नाई. मी सोबत असलो त वास येते मले, आवाज समजते. तुमी एकट्या, लेकरू मांगं, आठ-नऊशे किलोमीटर. नोका नेऊ, बाई.”

दिव्यानीनं एक पाइप उचलला. तो तिच्या बोटांत बिस्किटासारखा मोडला.

“मी उद्या निघाले असते!” तिचा आवाज चढला. “बाबांना का नाही सांगितलं?”

“पयल्या दिवशी सांगाचं होतं. मंग रोज उशीर होत गेला.”

इंदुताई ओट्याच्या कडेला टेकल्या. “चौदा वर्षं त्या माणसानं मले जिंकू नाई देल्लं,” त्या म्हणाल्या, “अन् आता जिंकून कोणाले सांगू?”

वारलूनं खिशातून किल्ली काढून फरशीवर, पंपाच्या शेजारी ठेवली. मग एकेक भाग पुन्हा पोत्यात भरू लागला.

“हे कशाला नेता आता? राहू द्या इथंच,” दिव्यानी म्हणाली.

“बापूजीले दाखवाले लागते. बुधूची चूक नोयती म्हणून.”

“ते तुमच्यावर ओरडतील.”

“ओरडू द्या. मंग बुधूकडं जाईन. तो ओरडला त बरं होईन. नाई ओरडला त काय करू, हेच समजत नाई.”

त्यानं पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, सायकलवर चढवलं आणि फाटकापर्यंत ढकलत नेलं. तिथं मागून दिव्यानीची हाक आली. ती पायरीवर उभी होती, मोडलेला पाइप अजून हातात.

“वारलूभाऊ, आणि तो वाघ?”

वारलू थांबला. पोतं एका बाजूला कललं, ते त्यानं हातानं सावरलं.

“मी त गाडीच्या तापाच्या काट्याकडं पाहून राह्यलो होतो, बाई,” तो म्हणाला. “साहेब बाहेर पाहून राह्यले होते. त्याहिले दिसला असन.”