सोनूबाईच्या पदराच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुनं हिरवं लुगडं आहे. जुन्या जालन्यातल्या दुकानातून निघालं आणि धावड्याच्या सोनूबाईच्या अंगावर आलं. माझ्या काठांची बायका तारीफ करायच्या, पण मला अभिमान आहे तो माझ्या पदराचा.

सोनूबाईचं मन एका जागी ठरत नसे. तव्यावर भाकरी टाकून ती कोंबड्या हाकलायला जाई आणि तिकडेच गोठा झाडत बसे. भाकरीचा कोळसा होई. अशा मनालाही काही नाव असतं, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं. लोक तिला सरळ वेंधळी म्हणत. पोरांवर मात्र तिचा भारी जीव.

एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या जत्रेत ती बांगड्या पाहण्यात रमली आणि धाकटा गजानन गर्दीत हरवला. तो सापडला, पण सासू सगुणाबाईंनी ठरवून टाकलं की थोरली विमल आणि गजानन, दोघांनाही जालन्याला आत्याकडे ठेवायचं. सोनूबाई खूप रडली. मग डोळे पुसून तिने माझ्या पदराला गाठ मारली.

काम आठवावं म्हणून पदराला गाठ सगळ्याच बायका मारतात. सोनूबाईची गंमत अशी की गाठ दिसे, पण ती कशाची ते आठवत नसे! म्हणून ती पोरांना जवळ बसवून, कोणती गाठ कशाची ते बोलून बोलून गाठी मारू लागली. मग दिवसभर एकेक काम उरकलं की तिघं मिळून त्याची गाठ सोडवत. मी पार चुरगळून जाई, तरी खूश असे.

मग उषाबाई आत्या पोरांना न्यायला आली. तिने चांगल्या मनाने मला धुवायला घेतलं आणि पोरांचा चाळा समजून सगळ्या गाठी सोडल्या. गजानन तापाने निजला होता. ओला मोकळा पदर पाहून सोनूबाई रडू लागली.

विमलने माझा पदर धरला आणि गाठींच्या चुरगळलेल्या जागांवर एकेक बोट ठेवलं. "माय, रडू नको. ही गज्याच्या गोळीची व्हती, जेवल्यावर द्यायची. ही माझ्या रिबिनीची. ही आजीच्या चष्म्याची."

"म्हशीच्या पाण्याची राह्यली," गजानन अंथरुणातूनच म्हणाला.

 सगुणाबाई लेकीला म्हणाल्या, "उषा, तू एकलीच जाय. हिची लेकरं हिच्यापाशीच बराबर हायेत. चष्म्याचं तर माझ्या बी ध्यानात न्हवतं."

आता मी विरलं आहे. मित्रांनो, कुणाच्या पदराला गाठ दिसली, तर सोडण्याआधी विचारा. तुमची आई काही विसरली, तर हसू नका, तिच्याजवळ जाऊन बसा. माझ्या सोनूबाईने आपली दोन्ही लेकरं स्वतःच वाढवली.