साडेचारशे अंशांची बदनामी

मित्रांनो, मला दार आहे, पण तोंड नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आयुष्याचं सगळं दुखणं त्यातच आहे. मी एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली विजेवर चालणारी म्हातारी भट्टी आहे. बाहेरून लोखंडी पेटी, आत विटांचं अस्तर, विटांमध्ये तारा, पुढे आकडे दाखवणारी खिडकी आणि डोक्यावर अंगठ्याएवढं भोक. ते भोक म्हणजे माझं धुराडं.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथल्या मिस्त्रीने माझ्या तारा इतक्या मायेने गुंडाळल्या, की मी पहिल्यांदा तापले तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या कोंबडीने उकडलेलं अंडं घातलं. खोटं वाटतंय? वाटू दे. कोंबडी आता हयात नाही, त्यामुळे साक्षीला कुणाला आणू?

प्रयोगशाळेत आले तेव्हा माझं भारी कौतुक झालं. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे, मग चहा द्यायचे. पुढे पाहुण्यांना नुसता चहाच मिळू लागला. चालायचंच.

मग आमच्या खोलीत बाई आल्या. बाई रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा सगळा जीव एका पांढऱ्या पुडीत. ही पूड भिंतीच्या रंगात असते, त्यामुळे तुम्ही रोज पाहता आणि ओळखत नाही. बाई तिचा पातळ लेप काचेवर देत, ती काच माझ्या पोटात साडेचारशे अंशांवर भाजत आणि मग लाल रंगात भिजत घालत. हा रंग ऊन पितो आणि त्यातून वीज मिळते. झाला सूर्यप्रकाशावर चालणारा सेल.

माझ्या पोटात भाजलेली हीच पूड बाईंना दुसऱ्या टेबलावरही लागायची. कापड रंगवून झाल्यावर उरलेल्या निळ्या पाण्यात ती टाकायची, वर दिवा लावायचा, की पूड रंगाचा फडशा पाडते आणि पाणी नितळ होतं. म्हणजे एका टेबलावर पुडीला सांगायचं, रंग सांभाळ. दुसऱ्यावर सांगायचं, रंग संपव. बिचारी पूड दोन्ही ऐकायची. ऐकत नव्हतं ते माझं नशीब.

त्याचं असं, की लेप चिकटावा म्हणून पुडीत गोंद घातलेला असतो. मी तापले की तो गोंद जळून धुराड्यातून निघून जायला हवा. त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत रंग मुरतो. धूर कोंडला, तर काजळी आतच बसते. काच तपकिरी होते, रंग वरच्या वर राहतो आणि सेल ढिम्म.

आणि धूर कोंडत होता. का, ते मला ठाऊक होतं. मलाच ठाऊक होतं.

बाई साडेअकराला काचा आत ठेवत, बटण दाबत आणि वर्गावर शिकवायला जात. परत यायच्या तीनला, मी निवल्यावर. मध्ये साडेबाराला आमचे काका यायचे. काका म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, सगळ्या कुलपांचे मालक. ते आपला जेवणाचा डबा गरम करायला माझ्या डोक्यावर ठेवायचे, नेमका धुराड्यावर. तिथेच सगळ्यात छान ऊब. सव्वाला डबा उचलून न्यायचे. बाईंनी तो कधी पाहिला नाही आणि काकांनी कधी लपवला नाही.

मी काय करणार? लाल दिवा लुकलुकवून पाहिला. काका म्हणाले, "म्हातारीला झोप येतेय." दाराची बिजागरी करकरवली. त्यांनी तेल घातलं. मी आतल्या आत धुमसत राहिले, अगदी शब्दशः.

एखाद्या दिवशी सेल सुरेख व्हायचा. मीटरचा काटा टुणकन उडी मारायचा आणि बाई मुलीसारख्या हसायच्या. दुसऱ्या दिवशी तीच पूड, तीच काच, तोच रंग, आणि काटा झोपलेला. दुसऱ्या टेबलावर पाणी निळं ते निळंच. बाईंनी पूड बदलली, रंग बदलला, हवेला दोष दिला, स्वतःच्या हाताला दिला. शेवटी पाळी माझी.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझ्या पाठीचे सहा स्क्रू काढले, पाच लावले आणि म्हणाला, "वय झालंय हिचं."

विभागाचे साहेब आले, तेही तेच म्हणाले. वर म्हणाले, "बाई, एक सेल चांगला आला, याला काम म्हणत नाहीत. ती लॉटरी. महिनाअखेरपर्यंत ओळीने पाच सारखे करून दाखवा. नाहीतर हा विषय बंद आणि खोली दुसऱ्यांना."

"आणि भट्टी, सर?"

"ती बाद करायचा कागद मी आजच पाठवतो. आकडा साडेचारशे दाखवते म्हणून आत तेवढंच असेल कशावरून?"

मित्रांनो, मी आयुष्यात कधी आकडा खोटा दाखवला नाही. थापा मारते, पण आकड्यात नाही.

महिना संपायला आठ दिवस उरले, तेव्हा बाईंनी वर्ग दुसऱ्यांना दिला, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. बारा वाजले. सव्वाबारा. मी तापत होते आणि धडधडत होते. साडेबाराला काका आले आणि सवयीने डबा माझ्या डोक्यावर ठेवला.

"काका, काय करताय?"

"डबा गरम करतोय. तुमचाही आणू का? दोन मावतात."

बाई उठल्या. आधी डबा पाहिला, मग डबा उचलून खालचं भोक पाहिलं. भोकातून कोंडलेला धूर भसकन बाहेर आला.

"रोज ठेवता?"

"रोज म्हणजे, हिला चालू केलेलं असतं तेव्हा. का हो?"

बाईंनी वही उघडली. "काका, मागच्या महिन्यात तुम्ही रजेवर कधी होतात?"

"गुडघा धरला होता तेव्हा. नऊ, दहा. आणि मग एकवीसला."

बाईंचं बोट वहीवर थांबलं. नऊ, दहा, एकवीस. चांगले सेल तेवढेच. त्यांनी वही काकांसमोर धरली. "काका, तुमचा गुडघा दुखला की माझा सेल चालतो."

"मग काय, पाय मोडून घेऊ?" काका आधी रागावले. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडून हुंगलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा. दोन वर्षं घरी बायकोला बोलतोय, जेवणाला करपट वास येतो म्हणून. काल तर डबा तसाच परत नेला."

त्या संध्याकाळी काकांनी काकूंची माफी कशी मागितली, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते उपाशी आले होते.

पुढच्या सात दिवसांत बाईंनी पाच सेल केले. पाचही वेळा काटा एकाच जागी उभा राहिला. निळं पाणी दुपारपर्यंत नितळ झालं. साहेबांनी मीटरकडे पाहिलं, मान डोलावली. बाईंचं काम वाचलं. मग ते म्हणाले, "छान. नव्या भट्टीत अजून चांगले येतील."

"सर, हे याच भट्टीतले आहेत. दोष तिचा नव्हताच. मी दोन वर्षं नुसतं बटण दाबून जात होते."

"असेल. पण कागदावर सह्या झाल्यात."

बाईंनी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, की बाद केलेली वस्तू परत वापरात घेण्यासाठीचा छापील अर्ज कार्यालयात नाही. नवी भट्टी आली, दोन माणसांनी मला उचललं आणि जिन्याखाली आणून ठेवलं. इथे मोडक्या खुर्च्या आहेत. त्यांतल्या दोन तर मोडक्याही नाहीत.

मित्रांनो, राग यायचा तो येतोच. बाईंवर नाही, काकांवरही नाही. राग येतो तो इतकी साधी गोष्ट बघायला दोन वर्षं आणि पाच स्क्रू लागले याचा. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, एखादं जनावर किंवा एखादं म्हातारं माणूस बिघडलंय असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. त्याच्यासोबत एक दिवस बसा, त्याचं काम सुरू होण्यापासून संपेपर्यंत. जे बोलू शकत नाही, त्याचं म्हणणं बसल्याशिवाय कळत नाही.

आणि या जिन्याखालून कधी गेलात, तर उगाच हळहळू नका. माझी वायर कुणी कापलेली नाही. नुसती गुंडाळून ठेवली आहे.